शिळं झालं तेवढंच

आधी मजकूर समोर ठेवतो. माझ्याच एका जुन्या प्रोग्रॅमच्या मेकफाइलमधल्या, म्हणजे तो कसा बांधायचा हे ‘मेक’ या साधनाला सांगणाऱ्या फाइलमधल्या, तीन ओळी आहेत. अक्षरं तेवढी देवनागरीत उतरवली आहेत.

दिनदर्शिका : मुख्य.ओ तिथी.ओ छपाई.ओ
	सीसी मुख्य.ओ तिथी.ओ छपाई.ओ -ओ दिनदर्शिका
मुख्य.ओ तिथी.ओ : पंचांग.एच

तीन सोर्स फायली, एक हेडर (म्हणजे सामाईक घोषणांची फाइल), आणि त्यांतून तयार होणारा एक प्रोग्रॅम, जो महिन्याचं पान छापतो. शाळेत रसग्रहणाला कविता यायची आणि आपण ‘येथे अनुप्रास साधला आहे’ असं काहीतरी लिहून मोकळे व्हायचो. या ओळींत अनुप्रास नाही. पण मी त्या अधूनमधून उघडतो, कामासाठी नव्हे, नुसत्या बघायला.

पहिली ओळ. मधे कोलन. डावीकडे जे हवं ते, उजवीकडे ते कशापासून होतं ते. ‘आधी हे कर, मग ते कर’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ओळ शेवटाकडून सुरू होते. होळीच्या आदल्या दिवशी आजीचा विचार असाच उलटा चालायचा: पोळीला पुरण हवं, पुरणाला डाळ शिजलेली हवी, म्हणजे डाळ आत्ताच निवडायला घ्या. क्रम कुणी ठरवून दिलेला नसतो, तो गरजांमधूनच निघतो. मेकचा ग्नू मेक नावाचा जो अवतार आहे, त्याच्या माहितीपुस्तकात दुसऱ्या ओळीला, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञेला, ‘रेसिपी’ असंच म्हटलंय, आणि तो शब्द ज्याने निवडला त्याला स्वयंपाकघर माहीत असणार.

दुसऱ्या ओळीत विशेष काही नाही. तीन ऑब्जेक्ट फायली (.ओ, म्हणजे एकेका सोर्स फाइलचं यंत्रभाषेतलं रूप) जोडा आणि जे होईल त्याला दिनदर्शिका म्हणा. तिच्या सुरुवातीला एक टॅब आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

तिसऱ्या ओळीशी मात्र थांबावं लागतं. ती सांगते की मुख्य.ओ आणि तिथी.ओ या दोन्ही पंचांग.एच या हेडरवर अवलंबून आहेत. एवढंच. आज्ञा नाही, रेसिपी नाही. मुळात तिथी.ओ ही तिथी.सी या सोर्स फाइलपासून कंपाइल करून बनते हे या संपूर्ण मजकुरात एकदाही आलेलं नाही! व्याकरणात ज्याला आपण अध्याहृत म्हणतो, तसं ते आहे. ‘जेवलास?’ या प्रश्नात ‘तू’ म्हणावं लागत नाही, तसं ‘.ओ ही .सी पासून होते’ हे मेकला सांगावं लागत नाही. त्याच्या पोटात ते नियम आधीच आहेत. फोल्डरमध्ये तिथी.सी दिसली की ते तिला उजवीकडच्या यादीत आपणहून धरतं आणि आपण लिहिलेलं पंचांग.एच तिच्या शेजारी ठेवतं. म्हणजे तिसरी ओळ हा फक्त अपवादांचा उल्लेख आहे. जे ओघाने कळत नाही तेवढंच तिच्यात आहे. आणि छपाई.ओ तिच्यात नाही, हेही एक विधान आहे. छपाईला पंचांगातलं काही ठाऊक नाही, ती आपली अक्षरं आणि चौकटी जुळवते, असं ती ओळ न बोलता सांगते. या न बोलण्याने पुढे मला चांगलाच हात दाखवला, तो किस्सा पुढे येतोच.

डावीकडे दोन नावं आहेत, त्यांचा अर्थही नीट वाचायला हवा. ‘या दोन वस्तू एकत्र तयार होतात’ असा तो नाही. प्रत्येकीबद्दल तेच विधान स्वतंत्रपणे केलंय, एवढाच अर्थ. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण याक नावाचं जे जुनं साधन आहे, ते भाषेच्या व्याकरणाची एक फाइल घेऊन एका फटक्यात दोन फायली काढतं, एक सी आणि एक हेडर. डाळ एकदाच शिजवायची आणि पुरण नि कटाची आमटी दोन्ही साधायचं, तसं. साध्या नियमात डावीकडे ही दोन नावं लिहिली तर मेक समजतं की दोन वेगळी कामं आहेत, आणि समांतर चालवलं तर डाळ दोनदा शिजायला ठेवतं. ‘या सगळ्या मिळून एकाच रेसिपीतून निघतात’ हे सरळ सांगायची सोय ग्नू मेकमध्ये २०२० साली, ४.३ या आवृत्तीत आली. कोलनच्या आधी एक ‘आणि’चं चिन्ह, बस.

आता हे चालवून बघू. समजा मी तिथी.सी मध्ये एक ओळ बदलली, टर्मिनलवर मेक असं टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर दोन ओळी येतात: तिथी कंपाइल झाली, मग तिन्ही जोडून दिनदर्शिका झाली. मुख्य आणि छपाईला हातही लागत नाही. पंचांग.एच बदललं तर तीन ओळी येतात. काहीच बदललं नसेल तर एक वाक्य येतं, दिनदर्शिका अद्ययावत आहे, आणि कर्सर परत समोर.

हे सगळं ते ठरवतं कशावरून? फक्त वेळेवरून. प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम ठेवतेच. उजवीकडचं डावीकडच्यापेक्षा नवं असेल तर डावीकडचं शिळं झालं, किंवा डावीकडचं मुळात नसेलच तर ते करायला हवं. यापलीकडे मेकला काही समजत नाही. सी भाषा त्याला येत नाही, फाइल उघडून ते वाचत नाही, ओळ का बदलली याची त्याला फिकीर नाही. म्हणूनच लोक त्याच्याकडून लाटेकमध्ये लिहिलेले प्रबंधही बांधून घेतात. कोण कशावर अवलंबून, आणि कोण कुणापेक्षा नवं: दोनच गोष्टी, आणि त्यांतून ‘नेमकं एवढंच कर’ हा निवाडा. मला या साधनाचं सौंदर्य ते काय करतं यात कधी दिसलं नाही. ते किती गोष्टी करायचं टाळतं, आणि टाळण्यासाठी त्याला किती कमी माहिती लागते, यात ते आहे.

मेकच्या जन्माची गोष्टही याच टाळण्याची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन काम करत होते. एका सकाळी स्टीव्ह जॉन्सन (याक त्यांचंच) नशिबाला शिव्या घालत त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, आणि जोडणी जुन्याच ऑब्जेक्ट फाइलशी झाली. म्हणजे मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. योगायोग असा की आदल्या संध्याकाळी फेल्डमन स्वतः याच खड्ड्यात पडले होते. मग एक भपकेबाज कल्पना सुचली, सगळी अवलंबित्वं आपणहून शोधून काढणाऱ्या साधनाची. ती आटत आटत गेली आणि शनिवार-रविवारात जे उरलं ते मेक. १९७९ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि २००३ चा एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मेकसाठी मिळाला. त्या लेखातलं सुरुवातीचं उदाहरणही तीन सोर्स फायली आणि त्यांतल्या दोघींनी वाटून घेतलेल्या एका घोषणांच्या फाइलचं आहे. माझ्या तीन ओळींचा घाट तिथलाच आहे, हे प्रांजळपणे सांगून टाकतो.

आता तो टॅब. रेसिपीची ओळ टॅबने सुरू झालीच पाहिजे. आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, पण मेक ‘विभाजक सापडत नाही’ म्हणून थांबतं. हल्ली ते पुढे कंसात विचारतं, आठ स्पेसच्या जागी टॅब म्हणायचं होतं का? म्हणजे काय झालंय ते त्याला कळलेलं असतं, तरी ऐकत नाही! अनुस्वाराचा एक ठिपका राहिला म्हणून अख्खा प्रूफचा कागद परत पाठवणारे मुद्रितशोधक मी पाहिलेत, पण त्यांचा ठिपका निदान दिसायचा तरी. हे असं का, याचं उत्तर खुद्द फेल्डमननी दिलंय. लेक्स हे साधन तेव्हा नवंकोरं होतं, ते शिकायच्या निमित्ताने वापरायला गेले आणि गुंत्यात सापडले. मग सुटसुटीत म्हणून नवी ओळ आणि टॅब एवढाच साचा धरला. तो चालला, म्हणून राहिला. काही आठवड्यांत मेक वापरणारे डझनभर लोक झाले, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फायली मोडायच्या त्यांच्या जिवावर आलं. डझनभर मित्रांचं मन राखलं आणि पुढच्या पिढ्यांना टॅब लागला. ग्नू मेकमध्ये २०१० पासून टॅबऐवजी दुसरं अक्षर नेमता येतं. नेमलेलं मी कुठे पाहिलं नाही. मीही नेमत नाही.

आता माझा किस्सा. दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाची एक नोंद होती: वार, तिथी, नक्षत्र, तिन्ही आकड्यांत. रचना पंचांग.एच मध्ये. सुरुवातीला छपाईला त्यातलं काही लागत नव्हतं, मुख्य तिला तयार शब्द पुरवायची. पुढे मी आळसापोटी ते बदललं. दिवसाची अख्खी नोंदच छपाईकडे पाठवायला लागलो आणि छपाई.सी च्या डोक्यावर पंचांग.एच घेतलं. मेकफाइलच्या तिसऱ्या ओळीत छपाई.ओ लिहायचं मात्र राहिलं. काही बिघडलं नाही, कारण हेडर बदलतच नव्हतं.

काही महिन्यांनी पक्ष छापावासा वाटला. नोंदीत वार आणि तिथी यांच्यामध्ये ‘पक्ष’ घातला: शुक्लाला १, कृष्णाला २. मेक चालवलं, मुख्य आणि तिथी कंपाइल झाल्या, जोडणी झाली, एका शब्दाची तक्रार नाही. पान छापलं तर पहिले पंधरा दिवस रोज प्रतिपदा आणि पुढचे पंधरा दिवस रोज द्वितीया.

मला वाटलं तिथीचं गणित चुकलं. चंद्र आणि सूर्याच्या अंशांची वजाबाकी, बाराने भागाकार, सगळं पुन्हा तपासत बसलो. नक्षत्रांनी तर पुरती दिशाभूल केली, कारण ती ठीक दिसत होती: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, रोज एक, शहाण्यासारखी ओळीने. स्वातीनंतर पुन्हा अश्विनी आलेली माझ्या नजरेला फार उशिरा पडली. सत्तावीस असताना पंधरावर का वळली? कारण ती नक्षत्रं नव्हतीच, त्या तिथी होत्या. छपाई.ओ जुन्या रचनेवर बसलेली. तिच्या हिशेबाने दुसरं घर तिथीचं, तिथे आता पक्ष राहायला आला होता. तिसरं घर नक्षत्राचं, तिथे तिथी सरकली होती. एकाच प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच नोंदीचा वेगवेगळा अर्थ लावत होते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. जॉन्सनची सकाळ ती माझी संध्याकाळ. फरक इतकाच की त्यांच्याकडे मेक नव्हतं, माझ्याकडे होतं, आणि त्याने माझा शब्द प्रमाण मानला होता.

या रोगावरचा उतारा मला आजवर पाहिलेल्या युक्त्यांत सगळ्यात देखणा वाटतो. कोणती सी फाइल कोणती हेडरं आत घेते हे कंपायलरला माहीत असतंच, कारण ती त्याला वाचावीच लागतात. जीसीसी या कंपायलरला एक छोटा पर्याय दिला की कंपाइल करता करता, जाता जाता, ते एक .डी फाइल लिहून ठेवतं. तिच्यात मेकच्याच भाषेत एक ओळ: छपाई.ओ : छपाई.सी पंचांग.एच. मेकफाइलच्या तळाशी या .डी फायली आत घ्यायच्या, नसतील तर कुरकुर न करता पुढे जायला सांगायचं. तिसरी ओळ मी हाताने लिहायची गरजच संपली.

पण यावर लगेच शंका येते. यादी कंपाइल झाल्यावर तयार होणार, आणि कंपाइल करायचं की नाही हे तर यादी बघून ठरणार. मग पहिल्या वेळी काय? उत्तर ऐकून मी हसलो होतो. पहिल्या वेळी यादी नसते, पण तेव्हा .ओ सुद्धा नसते, म्हणजे कंपाइल होणारच असतं. यादी विचारतो कोण? आणि नंतर? यादी कालची आहे, आज मी छपाई.सी मध्ये नवं हेडर घातलं, ते यादीत नाही. नसू दे. घालताना छपाई.सी बदलली ना, मग ती कंपाइल होणारच, आणि होता होता यादीही ताजी होणार. कालची यादी आजच्या निर्णयाला नेहमी पुरते. आधीच्या पद्धतीत याद्या काढायला वेगळी फेरी मारावी लागायची. ती फेरी मुळात निरर्थक आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागलं. ग्नू मेक सांभाळणाऱ्या पॉल स्मिथ यांनी या कल्पनेचं श्रेय टॉम ट्रोमी यांना दिलंय.

एक बारीक टाका राहतो. हेडर पुसून टाकलं तर? जुन्या यादीत त्याचं नाव असतं, फाइल नसते, आणि मेक ‘हे कसं बनवायचं ते ठाऊक नाही’ म्हणून अडतं. त्यासाठी जीसीसी आणखी एका पर्यायाने प्रत्येक हेडरच्या नावाचा एक रिकामा नियम त्याच .डी फाइलमध्ये लिहून ठेवतं: डावीकडे नाव, कोलन, पुढे काही नाही. काही न सांगणारी ओळ, पण तिच्यामुळे गाडं अडत नाही. पदर फाटू नये म्हणून आतून घातलेला टाका असतो ना, तसला.

मेकचे दोषही रसिकाला माहीत असावेत. नावात स्पेस असलेली फाइल त्याला झेपत नाही, दोन नावं समजून बसतं. घड्याळ चुकलं की ते चुकतं. एका कार्यालयात आमच्या फायली ज्या सर्व्हरवर होत्या त्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, आणि मेक रोज बजावायचं की काही फायली भविष्यकाळातल्या आहेत. टिप्पणीतलं शुद्धलेखन सुधारलं तरी अख्खी फाइल पुन्हा कंपाइल, कारण मजकूर ते बघतच नाही. हे मला चालतं. जास्तीचं काम झालं तर मिनिट जातं, कमी काम झालं तर संध्याकाळ जाते. खरा दोष वेगळाच आहे: आज्ञा बदलली तर त्याला कळत नाही. कंपायलरचे पर्याय बदलले, फायली त्याच राहिल्या, तर मेक म्हणतं अद्ययावत आहे. काल कशी आज्ञा दिली होती हे त्याने कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं. निंजासारखी नंतरची साधनं ती नोंद ठेवतात.

ग्नू मेकचं ‘काही करायचं नाही’ हे सांगणंही दोन तऱ्हांचं आहे. रेसिपी असलेली वस्तू ताजी असेल तर ‘अद्ययावत आहे’. रेसिपी नसलेलं नुसतं नाव असेल तर ‘त्याच्यासाठी करण्यासारखं काही नाही’. ‘झालंय’ आणि ‘नाहीच काही’ यांत फरक करणारं यंत्र मला आवडतं.

या साधनाची सगळ्यात मोठी मैफल ऐकायची तर लिनक्स कर्नेलमध्ये जावं. तिथे हजारो सी फायली, आणि त्यांतल्या आपल्या यंत्राला हव्या तेवढ्याच कंपाइल करायच्या. म्हणजे निवड दुहेरी: आधी कोणत्या लागणार, मग त्यांतल्या कोणत्या शिळ्या. पहिली निवड ज्या ओळीने होते ती अशी:

ऑब्ज-$(कॉन्फिग_अमुक) += अमुक.ओ

यात ‘जर-तर’ नाही. कॉन्फिग_अमुकची किंमत होकाराचा ‘वाय’ असेल तर ओळ ऑब्ज-वाय या यादीत भर घालते, ती यादी कर्नेलमध्ये जाते. ‘एम’ असेल तर ऑब्ज-एम, म्हणजे मागाहून जोडायचं मॉड्यूल. निवडलंच नसेल तर किंमत रिकामी, आणि अमुक.ओ जाऊन पडते ‘ऑब्ज-’ या अर्ध्यावर तुटलेल्या नावाच्या यादीत, जी बांधणीच्या वेळी कुणी उघडत नाही. निवडीचा प्रश्न विचारलाच जात नाही. उत्तरच नावाचा भाग बनतं. अशा ओळी कर्नेलभर एकाखाली एक उभ्या आहेत, हजेरीपटासारख्या.

आणि दुसरी निवड? सगळ्या पर्यायांचं मिळून एक हेडर असतं आणि ते जवळपास प्रत्येक फाइल घेते. एक पर्याय बदलला की ते हेडर नवं, म्हणजे सगळं शिळं. हे टाळायला फिक्सडेप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम कंपायलरने लिहिलेली .डी यादी हातात घेतो, तिच्यातून ते मोठं हेडर खोडतो, आणि त्या जागी ती सोर्स फाइल ज्या ज्या पर्यायांची नावं घेते त्यांच्या नावाच्या फायली लिहितो. त्या फायली रिकाम्या असतात. एक अक्षर नाही आत. पर्याय बदलला की त्याच्या रिकाम्या फाइलची वेळ तेवढी बदलायची. मेकला वेळेशिवाय काही कळत नाही ना, मग त्याला दुसरं काही दाखवायचंच कशाला? आणि आज्ञा विसरण्याच्या दोषावरही तिथे औषध आहे: प्रत्येक .ओ जवळ टिंबाने सुरू होणारी, एरवी न दिसणारी एक फाइल, तिच्यात काल चालवलेली आज्ञा जशीच्या तशी.

ती ‘ऑब्ज-’ यादी कुणी उघडत नाही म्हणालो, पण एकदा उघडतात. मेक क्लीन म्हटलं की. काल निवडलेला ड्रायव्हर आज गाळला असेल, तर त्याच्या फोल्डरमध्ये कालच्या .ओ फायली पडून असणार. म्हणून झाडायला निघालेलं मेक ती तुटक्या नावाची यादी वाचतं, आणि निवड न झालेल्या फोल्डरांमध्येही एकेक करून डोकावून येतं.